गुरुजींच्या दारातला फ्रिज

संघप्रिया खिल्लारेच्या हातून चुकीचा माल जात नाही, ही परभणीच्या एमआयडीसीत काळ्या दगडावरची रेघ होती. रेघ ओढणारी अर्थात स्वतः संघप्रियाच. घरगुती सामानाच्या एका मोठ्या गोदामात ती तीन वर्षांपासून माल रवाना करायचं काम बघत होती. फ्रिज, कपाटं, दिवाण, कूलर, मिक्सर, सगळं तिथं छतापर्यंत रॅकवर चढलेलं असायचं. दुकानांकडून मागणी आली की त्यातलं नेमकं खोकं काढायचं, नेमक्या टेम्पोत चढवायचं आणि नेमक्या दारात उतरवायचं. तीन वर्षांत एक मिक्सरसुद्धा वाट चुकला नव्हता. नवीन माणूस कामाला लागला की ती त्याला पहिल्याच दिवशी ऐकवायची, "माल मुका असतो. कुठं जायचं ते आपण सांगायचं. आपण नीट सांगितलं तर तो जातोय कुठं?"

मेमधल्या एका गुरुवारी तो कुठं गेला, त्याची ही हकिगत.

सकाळी नऊला गोदाम उघडलं तेव्हाच पत्र्याखाली भाकरी भाजून निघाली असती. मानवतच्या एका दुकानदाराचा व्हॉट्सॲपवर निरोप येऊन पडला होता. पिंपळवाडीच्या दिनकररावांच्या लेकीचं, राजेश्रीचं, उद्या लग्न. तिला द्यायचं सगळं सामान आज सहाच्या आत त्यांच्या दारात पाहिजे, कारण सहाला नवरदेवाकडची मंडळी मुक्कामाला येणार आणि त्याआधी ते मांडवात मांडायचंय. खाली नाव, पत्ता, मोबाइल.

असली ऑर्डर संघप्रिया दुसऱ्याच्या भरवशावर सोडत नसे. महारुद्र नावाचा तिचा मदतनीस रॅकवरून एकेक नग काढत गेला आणि ती हातात स्कॅनर घेऊन त्याच्या मागं सावलीसारखी फिरली. कपाट मोरपंखी सांगितलं होतं, तर मोरपंखीच. फ्रिजचं खोकं चारी बाजूंनी चाचपलं. दिवाणाचे पाय मोजले. ताटवाट्यांचा संच हलवून कानाशी धरला. मग कंप्युटरवर बसून पत्ता कॉपी केला, चिठ्ठ्या छापल्या आणि स्वतःच्या हातानं सहाच्या सहा नगांवर चिकटवल्या. साडेदहाला बालाजी ड्रायव्हरचा टेम्पो फाटकाबाहेर पडला. संघप्रियानं केबिनमध्ये जाऊन साहेबांना सांगितलं की नवरीचं सामान नवरीच्या आधी पोचेल.

आता मधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याच्या आधीच्या रविवारी संघप्रियाला बघायला सावंगीहून वाव्हळे मंडळी आली होती. सावंगी म्हणजे जिंतूरच्या पुढं सहा किलोमीटर. मुलगा सिद्धोधन जिंतूरला आयटीआयमध्ये शिकवायचा. त्याचे वडील भगवानराव हे रिटायर्ड गुरुजी, चौतीस वर्षं पोरांचे कान पिळलेले, आणि दर जयंतीला स्टेजवरून हुंड्याच्या विरोधात तासभर बोलणारे. वाटीभर मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाल्यावर त्यांनी संघप्रियाच्या वडिलांना, दत्तरावांना, स्पष्ट बजावलं होतं की आम्हाला मुलगी सोडून एक चमचासुद्धा नको. मुलगा फारसा बोलला नाही. त्यानं एवढंच विचारलं, की हजारो खोक्यांतून नेमकं एक सापडतं कसं? संघप्रिया त्यावर वीस मिनिटं बोलली आणि त्यानं वीस मिनिटं ऐकलं. तिच्या घरातसुद्धा हे आजवर कुणी ऐकून घेतलं नव्हतं. दोन्हीकडून काय ते आठ दिवसांत कळवायचं ठरलं.

स्थळ आणणाऱ्या रेणुकामावशीनं वाव्हळ्यांचं नाव, पत्ता, मोबाइल व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवला होता. त्या गुरुवारी, काम सुरू व्हायच्या आधी, संघप्रियानं तो गोदामाच्या कंप्युटरवर कॉपी केला होता. कशासाठी, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नंतर दिनकररावांचा पत्ता कॉपी करताना तिचं बोट कुठंतरी निसटलं असावं. कंप्युटरच्या पोटात आधीचाच पत्ता बसून राहिला आणि तोच चिठ्ठीवर उतरला. माल तिनं तीनदा तपासला होता. पत्ता एकदाही वाचला नाही, कारण पत्ता तिनं स्वतः टाकला होता.

पावणेएकला बालाजीनं परतीच्या वाटेवरून माल पोचल्याचा फोटो पाठवला. रोजची पद्धत होती ती. दारापुढं रांगेत मांडलेलं सामान, सगळे नग व्यवस्थित. फक्त दिवाणाचं एक टोक धरून एक माणूस उभा होता आणि तो हुबेहूब सिद्धोधन वाव्हळेसारखा दिसत होता.

संघप्रियाला आधी स्वतःचीच लाज वाटली. चार दिवसांत आपली ही गत, की आता पिंपळवाडीच्या लोकांतसुद्धा तोच दिसायला लागला? मग तिनं फोटो मोठा केला. त्या माणसाच्या मागं दारावर पाटी होती. भगवानराव वाव्हळे, सेवानिवृत्त शिक्षक.

तिचे पाय गारठले. बेचाळीस डिग्रीत पाय गारठतात हे तिला त्या दिवशी कळलं. तिनं चिठ्ठीची प्रत काढून वाचली. घेणार: भगवानराव वाव्हळे, सावंगी. आणि खाली कंप्युटर आपोआप जे छापतो ते: पाठवणार, संघप्रिया दत्तराव खिल्लारे, परभणी.

बालाजीला फोन लावला. तो परत निघून बोरीपर्यंत आला होता आणि खुशीत होता.

"मॅडम, मंडळी लय चांगली हाय," तो म्हणाला. "मला दोनदा ताक पाजलं. कूलर तर म्हातारीनं माझ्यासमोरच चालू केला."

"चालू केला?"

"मंग? पाणी मीच भरून दिलं."

सावंगीत झालं होतं ते असं. बालाजीचा फोन सरजाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या बायकोनं, उचलला होता. दोन उन्हाळ्यांपासून त्या कूलर मागत होत्या. शेवटी पोरानं मनावर घेतलं, आणि नोकरीवाला असल्यामुळं जरा जास्तच मनावर घेतलं, असं समजून त्यांनी टेम्पो दारात घेतला. दुपारी जेवायला आलेल्या सिद्धोधनला वाटलं, हा वडिलांच्या पेन्शनचा उद्योग. तो मुकाट्यानं दिवाण धरू लागला. गुरुजी तेवढे बँकेत गेले होते. ते परत आले तेव्हा कूलरसमोर गल्लीतल्या सात बाया बसल्या होत्या. गुरुजींनी चष्मा पुसला, कपाटावरची चिठ्ठी वाचली, "पाठवणार" पुढचं नाव वाचलं आणि उंबऱ्यावरच खाली बसले.

मग त्यांनी दत्तरावांना फोन केला. दत्तराव एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. तीस वर्षं इंजिनाच्या आवाजात काढल्यामुळं कानानं थोडे कमी. गुरुजींनी यादी वाचली: फ्रिज, कपाट, दिवाण, कूलर, वॉशिंग मशीन, ताटवाट्या. हे काय आहे, असं विचारलं. दत्तरावांना वाटलं, मागणी आली.

"एक चमचासुद्धा नको म्हणला होतात तुमी, गुरुजी," ते म्हणाले.

"तेच तर म्हणतोय मी. मग हे कशाला?"

"ते आमीच इचारायलोय, कशाला? तोंडानं एक बोलायचं आन् फोनवर यादी वाचायची?"

दोघंही खरं बोलत होते आणि दोघांनाही समोरचा लबाड वाटत होता. फोन कुणी आधी आपटला ते आजवर ठरलेलं नाही.

गुरुजींनी सगळं सामान घराबाहेर काढायला लावलं. कूलर तेवढा सरजाबाईंनी हलू दिला नाही. नव्या फ्रिजच्या पुठ्ठ्याचं तर मंडळींनी आधीच बसायला बस्कर केलं होतं. गुरुजी भर उन्हात डोक्याला उपरणं गुंडाळून फ्रिजशेजारी खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपणहून सांगायला लागले, की हे सामान आमचं नाही. ज्याला काहीच ठाऊक नव्हतं तोही थांबायला लागला. चौतीस वर्षांचं नाव अर्ध्या तासात गल्लीच्या तोंडी गेलं. कुणीतरी म्हणालंच, "भाषण लय भारी करायचे गुरुजी."

इकडं संघप्रियाला पिंपळवाडीहून दिनकररावांचा पहिला फोन आला. सामान कुठवर आलं? तिनं सांगितलं, "निघालंय." ते खोटं नव्हतं. निघालं होतंच, फक्त उलट्या दिशेला. मग तिनं झाला घोळ साहेबांच्या कानावर घातला. साहेबांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू गोदामाचा मधला खांब बोलायला लागलाय. ते फक्त म्हणाले, "तू?" आणि थोड्या वेळानं, "सहाच्या आत."

तोंडाला रुमाल बांधून संघप्रियानं स्कूटी बोरीपर्यंत दामटली, तिथल्या एका हॉटेलवाल्याच्या हवाली केली आणि तिथंच थांबवून ठेवलेल्या बालाजीच्या टेम्पोत चढून टेम्पो उलटा वळवला. वाटेत आईचा, सुलाबाईचा, फोन आला. तुझ्या बाबाचं आन् गुरुजींचं फोनवर वाजलंय, घरात तोंड फुगवून बसलेत, असं ती सांगत होती. घरी आल्यावर बघू, म्हणून संघप्रियानं फोन ठेवला. दिनकररावांचा फोन दर पंधरा मिनिटांनी येतच होता. तिसऱ्या वेळी त्यांच्या आवाजात रडू होतं. व्याही तोलामोलाचा, मांडव रिकामा दिसला तर गावात नाक कापलं जाईल, असं ते म्हणाले.

अडीचला टेम्पो सावंगीत शिरला तेव्हा गल्लीत जत्रेएवढी माणसं होती. संघप्रिया खाली उतरली, गुरुजींपुढं जाऊन उभी राहिली, "जयभीम गुरुजी" म्हणाली आणि घडलं ते एका दमात सांगून टाकलं. हे सामान मानवतच्या दुकानाचं, पिंपळवाडीच्या दिनकररावांच्या राजेश्रीसाठी, तिचं उद्या लग्न, पत्ता चुकला, चूक माझी, बाबांना यातलं काही माहीत नाही.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. छाती हलकी झाल्यासारखा त्यांनी श्वास सोडला आणि गल्लीकडं वळून मोठ्यानं म्हणाले, "ऐकलं ना सगळ्यांनी?" आता निघता येईल असं संघप्रियाला वाटलं. पण गुरुजी शेवटी गुरुजी. अर्धं उत्तर त्यांनी आयुष्यात कधी चालवून घेतलं नव्हतं.

"चूक झाली, मान्य," ते म्हणाले. "पण माल दिनकररावांचा, दुकान मानवतचं. मग आमचा पत्ता तुमच्या कंप्युटरमध्ये आला कुठून?"

"मावशीनं पाठवला होता."

"मावशीनं पाठवला असेल. तुम्ही तो उचलला कशासाठी?"

घरातून कूलरचा तेवढा आवाज येत होता. सिद्धोधन कपाटाला टेकून उभा होता आणि तोही बघत होता. खोटं बोलायला संघप्रियाला सुचेना. ऊन इतकं होतं की खरं पटकन बाहेर आलं.

"नकाशात टाकून बघत होते."

"काय बघत होता?"

"इथून रोज गोदामात वेळेवर पोचता येईल का ते. सव्वासातची एसटी धरली तर..."

"तर?" हे गुरुजींनी नाही, सिद्धोधननं विचारलं.

"तर पोचता येतं. नऊला दहा कमी असताना."

कूलरसमोरून उठून आलेली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग झालं की. होकारच हाय पोरीचा."

त्या दिवशी गुरुजींना बरेच धक्के बसले होते, पण एवढा वेळ ते बोलत तरी होते. आता त्यांनी फ्रिजवर हात टेकला आणि ते नुसतेच बघत राहिले. सिद्धोधन कपाटाच्या मागं गेला, कपाट उचलायला म्हणून, आणि एकट्यानं उचलायला गेला. त्या गडबडीत त्याच्या पायाच्या अंगठ्यावर कपाट आलं. तो ओरडला नाही. संघप्रियानं मान खाली घालून चिठ्ठ्या सोलायला सुरुवात केली. तिला त्या क्षणी तापलेल्या डांबरानं गिळलं असतं तरी चाललं असतं.

शेवटी गुरुजी भानावर आले. "उचला रे," ते गल्लीला म्हणाले. "परक्याच्या लेकीचं सामान आहे, वेळेत गेलं पाहिजे."

मग काय, चेष्टा करायला जमलेली माणसं हमाल झाली. संघप्रियाचा आवाज आपोआप परत आला. कपाट आधी, फ्रिज उभाच, ताटवाट्या वर. कूलरवर मात्र गाडी अडली. तो वापरलेला होता, नवरीला देण्यासारखा उरला नव्हता. गुरुजींनी स्वतःच निवाडा केला. वापरलेली वस्तू नवी म्हणून दुसऱ्याच्या माथी मारायची नाही, हा आम्ही विकत घेतला, पावती पाठवून द्या. सरजाबाईंनी समाधानानं डोळे मिटून घेतले. त्या दिवशी फक्त त्यांचीच मागणी बरोबर पत्त्यावर पोचली होती.

संघप्रियानं महारुद्रला फोन करून दुसरा कूलर आणि फ्रिजचं रिकामं खोकं काढून ठेवायला सांगितलं. पावणेपाचला टेम्पो गोदामाशी थांबला, दोन्ही चढवलं आणि मानवतचा रस्ता धरला. सहाला दहा मिनिटं कमी असताना ते पिंपळवाडीत शिरले तेव्हा दिनकरराव मांडवाच्या तोंडाशी उभे होते. उन्हानं नाही, काळजीनं काळे पडलेले. सामान भराभर उतरलं, मांडलं गेलं. मोरपंखी कपाट बघून राजेश्री हसली. संघप्रियाच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात दिनकररावांनी फ्रिज उघडला. मधल्या कप्प्यात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा होता. त्यांनी झाकण काढलं. आत दही.

"हे काय?" दिनकररावांनी विचारलं.

संघप्रियाला सरजाबाई आठवल्या. बाईंनी फ्रिज आल्याआल्या त्यात संसार मांडला होता, आणि सावंगीत सगळ्यांनी फ्रिज बाहेरून पुसला, आत कुणी बघितलंच नाही.

"दही आहे," ती म्हणाली. "नवरीच्या फ्रिजमधून देतो आम्ही. शुभ असतं."

दिनकररावांचा चेहरा खुलला. त्यांनी डबा कौतुकानं फिरवून बघितला आणि त्यावर कोरलेलं नाव दिसलं. आपल्याकडं लग्नातल्या भांड्यांवर नाव घालायची रीत, तसं ते घातलेलं होतं.

"सौ. सरजाबाई भ. वाव्हळे," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "ह्या कोण?"

सकाळपासून ती सव्वाशेच्या वर किलोमीटर फिरली होती, पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं आणि डोकं रिकाम्या रॅकसारखं झालं होतं.

"माझ्या सासूबाई," संघप्रिया म्हणाली.

आणि जे तोंडातून गेलं ते ऐकून ती स्वतःच दचकली. दिनकररावांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. सासूनं सुनेच्या हातून दुसऱ्याच्या लेकीला दही पाठवावं, असली माणसं आता राहिली कुठं, असं ते मागं उभ्या असलेल्या बायकोला सांगायला लागले. बालाजी मात्र दोरी गुंडाळता गुंडाळता थांबला आणि तिच्याकडं टक लावून बघत बसला.

घरी गेल्या गेल्या संघप्रिया आडवी झाली ती सकाळीच उठली. चहा घेताना तिनं आईवडिलांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. कॉपी केलेला पत्ता, फोटो, गल्ली, एसटीची वेळ. सासूबाईंचं तेवढं वगळलं. सुलाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. दत्तराव हसत नव्हते. त्यांनी भरलेला कप तसाच खाली ठेवला.

"बाबा, काय झालं?"

"मी कालच रेणुकाला सांगितलं," दत्तराव खाली बघून म्हणाले. "असल्या हुंडेखोर लोकांत आपल्याला पोरगी द्यायची न्हाई म्हणून. तिनं दुपारीच कळवलं असंल तिकडं."

संघप्रियाचा चहा थंड झाला. म्हणजे ती भर गल्लीत होकार देत होती तेव्हा तिचा नकार आधीच सावंगीत पोचला होता. आणि सिद्धोधनला तो माहीत असूनसुद्धा त्यानं "तर?" विचारलं होतं. यातलं कुठलं जास्त वाईट, तिला ठरवता येईना.

"लावा फोन," सुलाबाई म्हणाली. "आन् ह्या कानाला न्हाई, त्या कानाला लावा."

दत्तरावांनी फोन स्पीकरवर टाकला. दोघं म्हातारे एकमेकांची माफी मागायला लागले ते दहा मिनिटं थांबेचनात. मी तुम्हाला हुंडा देणारा समजलो, मी तुम्हाला घेणारा समजलो, माझंच चुकलं, नाही माझंच चुकलं. मग गुरुजी घसा साफ करून म्हणाले की मुलगी आमच्या घरात सगळ्यांना पसंत आहे, मुलाला तर कपाट पायावर पडल्यापासून जास्तच. पण एक अट आहे.

अट म्हणताच दत्तरावांची पाठ ताठ झाली. सुलाबाईचं हसू थांबलं. संघप्रियानं डोळे मिटून घेतले.

"लग्नाच्या पत्रिका," गुरुजी म्हणाले, "तेवढ्या मुलीला पाठवायला लावू नका."